पाइनवुड डर्बीचे नियम ठोकळा कापण्याआधी हाती पडावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत ज्यांची मुले कब स्काउटमध्ये, म्हणजे स्काउटच्या लहान मुलांच्या शाखेत, जातात, त्या घरांना हिवाळ्यात एक छोटा खोका ओळखीचा असतो. आत पाइनच्या लाकडाचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि आस म्हणून ठोकायचे चार खिळे. एवढ्या ऐवजातून मुलाने मोठ्यांच्या मदतीने गाडी करायची, ती उतरत्या ट्रॅकवर सोडायची आणि कोणाची आधी पोचते ते बघायचे, ही झाली पाइनवुड डर्बी. गाडीला इंजिन नाही, धक्का द्यायचा नाही. तिला ओढते ती पृथ्वी. इतक्या साध्या खेळात तपासणीच्या टेबलावर पोरांची रडारड आणि बापांची हमरीतुमरी होते, आणि त्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसतेच. नियमांचा कागद उशिरा आलेला असतो, नाहीतर त्यातले शब्द मोजता येण्यासारखे नसतात. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे.

खोक्यातल्या माहितीपत्रकावर वजन पाच औंस, लांबी सात इंच, रुंदी पावणेतीन इंच असे आकडे असतात आणि पालक तो देशाचा कायदा समजतात. प्रत्यक्षात शर्यत पॅकची, म्हणजे कब स्काउटच्या स्थानिक गटाची, असते आणि तिचे नियमही पॅकनेच ठरवायचे असतात. शिवाय पॅकमधले पहिले काही जण पुढे डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या अनेक पॅकच्या मिळून होणाऱ्या, शर्यतीला जातात आणि तिथला कागद निराळा असू शकतो. पॅकमध्ये चालवून घेतलेली गाडी तिथे टेबलावरूनच परत आली, तर त्या मुलाला काय सांगणार? म्हणून पॅकच्या समितीने आधी डिस्ट्रिक्टचा कागद मागवावा आणि आपला त्याहून सैल ठेवू नये. मग तो खोक्याबरोबरच वाटावा. ठोकळ्याला एकदा करवत लागली की नियम बदलायचा नाही, हा पहिला नियम.

१९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी या कबमास्टरने, म्हणजे पॅकच्या प्रमुखाने, ही शर्यत सुरू केली, कारण त्याच्या मुलाचे वय सोप बॉक्स डर्बीच्या, म्हणजे मुलाने आत बसून उतारावरून सोडायच्या, मोठ्या गाड्यांना पुरत नव्हते. तेव्हापासून कागदावरून कागद उतरवत आजचे नियम आले आहेत. काही पॅकच्या कागदावर अजून ‘प्रत्येक मुलगा’ असे असते. कब स्काउटमध्ये २०१८ पासून मुलीही आहेत आणि २०२५ पासून बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या मूळ संघटनेचे नावही स्काउटिंग अमेरिका झाले आहे. असा कागद दिसला की बाकीची कलमेही कोणी नीट वाचलेली नाहीत, असे खुशाल समजावे.

आता वजन. पाच औंस म्हणजे १४१.७ ग्रॅम. जड गाडी उतारावर जास्त वेगाने पडते म्हणून लोक वजन भरतात असा समज आहे, तो बरोबर नाही. वजनाचा फायदा दोन ठिकाणी होतो. हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर ठरतो, वजनावर नाही. म्हणून तोच अडथळा जड गाडीचा वेग कमी प्रमाणात खातो. आणि उतारावर मिळालेल्या शक्तीतला जो हिस्सा चाके फिरवण्यात जातो, तो जड गाडीत तुलनेने लहान असतो. त्यामुळे प्रत्येक जण पाच औंसांना अगदी चिकटून गाडी करतो आणि भांडण शेवटच्या ग्रॅमवर येते.

इथे कागदावर ‘वजन पाच औंसांहून जास्त नसावे’ एवढेच लिहून भागत नाही. टेबलावरचा काटा औंसाचा दहावा भाग दाखवणारा असेल, तर तो ५.०४ लाही ५.० च दाखवतो. म्हणजे एक ग्रॅमहून थोडे जास्त फुकट. काटा शंभरावा भाग दाखवणारा असेल तर तीच गाडी बाद. नियम असा लिहावा: ‘पॅकच्या काट्याने ५.०० किंवा कमी दाखवले पाहिजे. पॅकचा काटा अंतिम.’ आणि तोच काटा शर्यतीआधी एखाद्या बैठकीला आणून ठेवावा, म्हणजे ज्याला घरच्या काट्याशी ताडून बघायचे त्याने बघावे. काटा खरा आहे का, हे तपासायला महागडी वजने नकोत. अमेरिकेचा २५ सेंटचा क्वार्टर ५.६७ ग्रॅमचा असतो. असे पंचवीस क्वार्टर ठेवले की १४१.७५ ग्रॅम, म्हणजे पाच औंस बरोबर. झिजलेली जुनी नाणी मात्र टाळावीत. तपासणी सुरू होताना सगळ्यांदेखत ही नाणी काट्यावर ठेवली, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

सबंध ठोकळा सात बाय पावणेदोन बाय सव्वा इंच, म्हणजे साधारण अडीचशे घन सेंटिमीटर लाकूड. पाइन हलके, त्यामुळे ठोकळा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि कापून-घासून पातळ गाडी केली की त्यातला मोठा भाग जमिनीवर भुसा होऊन पडतो. ती तूट धातूने भरायची. शिसे एका घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम भरते, टंगस्टन १९.३. टंगस्टन महाग, पण तेच वजन निम्म्याहून थोड्याच जास्त जागेत मावते, म्हणून ते गाडीत मागे एका ठिकाणी बसवता येते. शिसे विषारी आहे. लहान मुलाच्या हाताला लागेल असे उघडे शिसे कागदावर स्पष्ट मना करावे. नाणीही चालतात. १९८२ नंतरचा एक सेंटचा पेनी अडीच ग्रॅमचा, पाच सेंटचा निकेल पाच ग्रॅमचा, त्यामुळे हिशेब सोपा. सुटे छर्रे, वाळू, आत हलणारा पारा यांपैकी काहीही नको. ‘गाडीत काही हलता कामा नये’ हा नियम जुना आहे आणि तो तपासायला गाडी कानाशी धरून हलवणे पुरते.

वजन मागे का न्यायचे, हे पालकांना सांगितले तर ते मुलालाही समजावतात. सुरुवातीला गाडी उतारावर नाक खाली करून उभी असते. गुरुत्वमध्य जितका मागे, तितका तो सुरुवातीला उंच. उतार तीस अंशांचा धरला, तर गुरुत्वमध्य एक इंच मागे नेल्याने तो अर्धा इंच वर जातो. ट्रॅकची उंची चार फूट असेल तर ही शक्तीत एक टक्क्याची भर, म्हणजे वेगात अर्ध्या टक्क्याची. ऐकायला नगण्य वाटते. पण सपाट भागात दोनेक सेकंद धावताना ती सेकंदाचा शंभरावा भाग होते आणि शेवटच्या रेषेवर चार-पाच सेंटिमीटर. इलेक्ट्रॉनिक टाइमर सेकंदाचा हजारावा भाग मोजतो, म्हणजे रेषेवर चार-साडेचार मिलिमीटर. पण मध्य फार मागे नेला की पुढची चाके उचलल्यासारखी होतात आणि उतार संपून सपाटी लागते तिथे गाडी वळवळते, कधी ट्रॅक सोडते. मागच्या आसाच्या पुढे एक इंचावर तोल ठेवणे हे सुरक्षित माप. पट्टीच्या कडेवर गाडी आडवी तोलून धरली की मध्य कुठे आहे ते कळते.

शेवटचे दोन-तीन ग्रॅम घरी भरूच नयेत. रंगाचे थर, वाळणारा गोंद, लाकडाने ओढलेली दमट हवा यांनी काट्यावरचा आकडा हलतो. मागच्या बाजूला खालून एक लहान भोक ठेवावे आणि टेबलावर त्यात टंगस्टनची लुगदी भरावी किंवा काढावी. ज्यांनी असे भोक ठेवलेले नसते, त्यांना जास्तीचे वजन उतरवायला रंगवलेल्या गाडीच्या पोटात ड्रिल घालावे लागते, आणि ते बघणाऱ्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

मापांच्या बाबतीत टेप घेऊन मोजत बसू नये. प्लायवुडची एक पेटी करावी, जिचे आतले माप बरोबर सात इंच लांब आणि पावणेतीन इंच रुंद. तळाच्या मधोमध ३/८ इंच उंच आणि पावणेदोन इंच रुंद पट्टी बसवावी. गाडी पेटीत बसली आणि चाके पट्टीच्या दोन्ही बाजूंना मोकळी फिरली की पास. ही पट्टी म्हणजे ट्रॅकच्या मधल्या मार्गदर्शक पट्टीचे थोडे मोठे रूप. गाडीचे पोट तिला घासले, तर शर्यतीतही घासणार. इथे नेहमीची चूक अशी होते: ठोकळा मुळात सात इंचांचाच असतो, त्यावर पुढे चिकटवलेला बंपर किंवा मागे लावलेला पंख धरला की लांबी ओलांडते. खाली चिकटवलेली नाणी पट्टीवर अडतात. दोन्ही गोष्टी पेटीत एका क्षणात दिसतात आणि वाद घालायला जागा राहत नाही. पेटीचे रेखाचित्र कागदाच्या मागच्या पानावर छापावे, म्हणजे घरी पुठ्ठ्याची करता येते. उंचीची मर्यादाही लिहावी. शेवटच्या रेषेवरच्या कमानीतून गाडी गेली पाहिजे आणि ती कमान प्रत्येक पॅकची वेगळी असते.

चाकांचे आणि खिळ्यांचे कलम सगळ्यांत जास्त जपून लिहावे लागते, कारण वेग तिथेच आहे. ‘खोक्यातलीच चाके वापरावीत’ हे वाक्य अपुरे आहे. चाक खोक्यातलेच असते, पण लेथवर कातून अर्ध्या वजनाचे केलेले असते. चाकाची कड हलकी केली की ते फिरवायला कमी शक्ती लागते, म्हणून हा मोह. कडेचा एक ग्रॅम हा उतारावर जवळजवळ दोन ग्रॅमइतकी शक्ती घेतो: एकदा पुढे सरकायला आणि एकदा गोल फिरायला. तेव्हा काय चालेल आणि काय नाही, ते क्रियापदांनी लिहावे. साच्यातून निघताना राहिलेला उंचवटा घासून काढणे, भोक आतून पॉलिश करणे चालेल. कातणे, रुंदी कमी करणे, भोके पाडणे, कड व्ही आकाराची करणे चालणार नाही. चाकावरची उठावाची अक्षरे दिसली पाहिजेत. चाक गाडीला बसल्यावर वजन करता येत नाही, म्हणून नव्या चाकाच्या कडेचा आकार जाड पुठ्ठ्यात कापून साचा करावा आणि तो प्रत्येक चाकाला लावून बघावा. उजेड दिसला की चाक कातलेले.

खिळ्यावर मात्र मुलांना पोटभर काम करू द्यावे. त्यातून ती शिकतात. नव्या खिळ्याच्या डोक्याखाली एक बारीक कंगोरा असतो आणि दांडीवर साच्याच्या दोन रेघा. नखाने लागतात. खिळा ड्रिलच्या तोंडात धरून हळू फिरवायचा, बारीक कानशीने कंगोरा काढायचा, मग पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिशपेपर, त्यानंतर ६००, त्यानंतर १०००, शेवटी मऊ फडक्यावर पॉलिश. ड्रिल मोठ्याने धरायचे, पेपर मुलाने. कानस जास्त चालली तर खिळा बारीक होतो आणि चाक लटपटते. म्हणून कानस फक्त डोक्याखाली, दांडीला पेपरच. बसवताना चाक आणि ठोकळा यांच्यात क्रेडिट कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवायची. कमी ठेवली तर चाक लाकडाला घासते, जास्त ठेवली तर गाडी ट्रॅकवर डावी-उजवी आपटत जाते. बेअरिंग, बुश, वॉशर, स्प्रिंग ही सगळी बहुतेक कागदांवर मना असतात आणि ती तशीच राहावीत.

आता सगळ्यांत जास्त भांडणे ज्यावरून होतात ते वाक्य: ‘गाडीला चार चाके असावीत.’ असतात ना चार! पण त्यांतले पुढचे एक अर्धा मिलिमीटर वर उचललेले असते आणि गाडी तीन चाकांवर धावते. न टेकणारे चाक फिरवावे लागत नाही, तेवढी शक्ती वाचते. दुसऱ्या पुढच्या चाकाचा खिळा किंचित वाकवून गाडी मधल्या पट्टीला हलकेच टेकत जाईल असे केलेले असते, म्हणजे ती दोन्हीकडे आपटत न जाता एकाच बाजूला धरून चालते. तिला रेल रायडर म्हणतात. मागचे खिळे थोडे तिरपे ठेवले की चाक बाहेर सरकून खिळ्याच्या डोक्याशी राहते आणि लाकडाला घासत नाही. हे सगळे कष्टाचे आणि अभ्यासाचे काम आहे. त्याला लबाडी म्हणणे अन्याय. पण पहिलीतल्या मुलाच्या गाडीत ते कोणी केले हेही उघड असते.

पॅकने दोन्हीपैकी काहीही निवडावे, फक्त तपासता येईल अशा शब्दांत निवडावे. ‘चारही चाके टेकली पाहिजेत’ असे ठरले तर गाडी काचेवर ठेवावी आणि साध्या कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघावी. सरळ आत गेली तर चाक उचललेले. ‘खिळे सरळच हवेत’ असे ठरले तर आणखी एक जबाबदारी पॅकवर येते. ठोकळ्याच्या खाचा कारखान्यातूनच कधी कधी तिरप्या येतात आणि त्या तिरप्या खाचेत सरळ खिळा ठोकला की गाडी वळतच जाते. खिळा वाकवून ती चूक सुधारायची मुभा नसेल, तर खोके वाटतानाच गुण्या लावून खाचा तपासाव्यात आणि वाईट ठोकळा बदलून द्यावा. खाच बुजवून नवे भोक पाडायला परवानगी द्यायची की नाही, आसांमधले मूळचे सुमारे ४ ३/८ इंचांचे अंतर वाढवायला द्यायचे की नाही, हेही एकेका ओळीत लिहून टाकावे. लहान मुलांच्या पॅकमध्ये चारही चाके टेकलेली, खिळे सरळ आणि मूळ खाचा हा माझा कौल आहे. त्याने वेगवान गाड्यांचा वेग थोडा उतरेल. पण बाकीच्या पंचवीस मुलांना आपली गाडी का हरली ते निदान डोळ्यांनी दिसेल.

वंगणाला कोरडे ग्रॅफाइट आणि तेवढेच. तेल नको, कारण ते धूळ धरते आणि ट्रॅकवर सांडले की मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाला लागते. ग्रॅफाइट भोकात थोडे घालायचे, चाक बोटाने फिरवायचे, पुन्हा घालायचे, असे तीन-चारदा. मग खिळा गोंदाच्या एका थेंबाने पक्का करायचा, पण थेंब खाचेत चाकापासून लांब. गोंद ओघळून चाकाच्या भोकात गेला की त्या चाकाचे काम संपले, आणि हे शर्यतीच्या सकाळी सहज होते. गाडी जमा झाल्यावर वंगण नाही, हेही कागदावर हवे. नाहीतर दर फेरीनंतर कोणीतरी काळी पूड घेऊन ट्रॅकवर वाकून उभे असते आणि जमिनीवर काळी पावले उमटतात.

सुरुवातीच्या फाटकाबद्दल बहुतेक कागद गप्प असतात. प्रत्येक लेनच्या मधोमध एक खुंटी असते, गाडीचे नाक तिला टेकते आणि खुंटी खाली पडली की गाडी सुटते. नाकाला मधोमध खाच पाडली तर खुंटी खाचेत शिरते आणि गाडी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच पुढे उभी राहते. म्हणून ‘नाकाचा मधला भाग सपाट आणि निदान अर्धा इंच रुंद असावा, गाडीचा कोणताही भाग खुंटीच्या पुढे नसावा’ हे लिहावे. दुसऱ्या टोकाला टाइमरचा डोळा लेनच्या मध्ये, खालून वर बघणारा असतो. गाडीचे पोट त्यावरून गेले की वेळ थांबते. मधोमध पोकळ ठेवलेली किंवा नाक फार वर उचललेली गाडी त्या डोळ्याला उशिरा दिसते. बिचाऱ्या मुलाने नुसती छान नक्षी कापलेली असते. हे आधी सांगितले तर तो नक्षी दुसरीकडे कापेल.

ट्रॅकचेही नियम असतात, पण ते समितीने स्वतःला लावायचे. प्रत्येक लेन आडवी समपातळीत आहे का ते पाणसळ ठेवून बघावे. जोडांवरून नख फिरवावे. अडले तर तिथे पायरी आहे आणि प्रत्येक गाडी तिथे उडी मारणार. जुने लाकडी ट्रॅक साधारण ३२ फुटांचे, आताचे ॲल्युमिनियमचे बहुधा ४२ फुटांचे. दोन्हींत एखादी लेन हळू निघतेच. तेव्हा प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमध्ये एकदा धावली पाहिजे. हरला की बाहेर, अशी बाद फेरी मुलांच्या शर्यतीत ठेवू नये. एकतर दोन तास नटूनथटून आलेले मूल दोन मिनिटांत मोकळे होते, शिवाय हळू लेन वाट्याला आली म्हणून चांगली गाडी जाते.

चार लेन आणि २४ गाड्या असतील तर २४ फेऱ्या होतात आणि प्रत्येक गाडी चारदा धावते. फेरीला दीड मिनिट धरले तर ३६ मिनिटे. फेऱ्यांचा तक्ता बहुतेक ठिकाणी ओळीने लावतात: पहिल्या फेरीत १, २, ३, ४; दुसरीत २, ३, ४, ५. तसे केले की प्रत्येक गाडी आपल्या शेजारच्या सहाच गाड्यांशी पुन्हा पुन्हा भिडते. त्याऐवजी पहिली फेरी १, २, ४, ८, दुसरी २, ३, ५, ९ अशी लावावी आणि २४ नंतर पुन्हा १ वर यावे. मग कोणत्याही दोन गाड्या दुसऱ्यांदा समोरासमोर येत नाहीत आणि प्रत्येकीला बारा वेगवेगळे प्रतिस्पर्धी मिळतात. तेरा गाड्या असतील तर १, २, ४, १० ने सुरुवात करावी; तेरा फेऱ्यांत प्रत्येक गाडी प्रत्येकीशी बरोबर एकदा धावते. टाइमर असेल तर निकाल वेळेच्या सरासरीवर लावावा, सगळ्यांत वाईट वेळ सोडून. टाइमर नसेल, दोन पंच रेषेवर वाकून बघत असतील, तर नंबरांचे गुण धरावेत आणि तेव्हा वरचा तक्ता फार उपयोगी पडतो.

अपघातांची कलमे थोडक्यात. गाडी लेन सोडून दुसरीला धडकली तर फेरी सगळ्यांची पुन्हा. पुन्हा तीच गाडी उडाली तर तिला त्या फेरीची शेवटची जागा आणि बाकीच्यांची फेरी तिच्याशिवाय. चाक निखळले तर दुरुस्तीला पाच मिनिटे, दुरुस्ती ठरलेल्या टेबलावर, नवे वंगण नाही. गाडी कार्यकर्त्याच्या हातून पडली तर वेळेची मर्यादा लावू नये आणि समितीने स्वतः दुरुस्त करून द्यावी. जमा झालेल्या गाडीला ट्रॅकवर ठेवणाऱ्या दोघांखेरीज कोणीही हात लावायचा नाही, मालकानेही नाही. तक्रार मुलाने किंवा पालकाने पुढची फेरी सुटण्याआधी करायची, निकाल तिथल्या तिथे तीन जणांनी द्यायचा.

राहिला तो नाजूक मुद्दा, गाडी कोणी केली. ‘गाडी मुलानेच करावी’ असे लिहिले की ते कोणीच पाळत नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाने बँड सॉ चालवावी असे कोणालाच वाटत नाही. त्याऐवजी कामे वाटून लिहावीत. कापणे आणि भोके पाडणे मोठ्यांचे. आकार कागदावर काढणे, घासणे, रंगवणे, ग्रॅफाइट घालणे आणि चाक फिरवून बघणे मुलाचे. चौथी-पाचवीतल्या मुलाने हातकरवतही चालवावी. टेबलावर मुलाला एकच प्रश्न विचारावा: वजन कुठे बसवले आहेस आणि तिथेच का? ज्याने केले आहे तो गाडी उलटी करून दाखवतो. उत्तरावरून कोणाला बाद करायचे नाही, पण प्रश्न विचारला जाणार हे कागदावर छापलेले असले की घरी बाबा आपोआप अर्धे काम मुलाला करू देतात. इंटरनेटवरून कापून, पॉलिश करून, आस बसवून येणारे तयार सांगाडे आणि मागच्या वर्षीची गाडी नावानिशी मना करावी. ‘गाडी याच वर्षी, याच खोक्यातून’ एवढे पुरे. आणि बाबांसाठी, आईसाठी, थोरल्या भावंडांसाठी एक वेगळी खुली शर्यत ठेवावी, वजन पाच औंस आणि बाकी काही नियम नाहीत. ज्यांना रेल रायडर करायचीच आहे त्यांनी ती तिथे करावी. मुलांच्या गटातली चुरस त्याने लगेच मवाळ होते.

शेवटी एक व्यवस्थेची गोष्ट. तपासणी शर्यतीच्या सकाळी ठेवू नये, आदल्या संध्याकाळी ठेवावी आणि पास झालेल्या गाड्या कुलपात ठेवाव्यात. सकाळी तपासणी ठेवली की बाद झालेल्या गाडीचा गोंद वाळायला वीस मिनिटेही मिळत नाहीत. आदल्या संध्याकाळी टेबलावर काटा, पंचवीस क्वार्टर, मापाची पेटी, काच, कागदाची पट्टी, चाकाचा साचा, एक ड्रिल, कानस, पॉलिशपेपर, लाकडाचा गोंद, टंगस्टनची लुगदी आणि दोन-चार सुटे खिळे असावेत. शेजारी एक कार्यकर्ता फक्त दुरुस्तीसाठी बसवावा, जो ‘बाद’ हा शब्द वापरणार नाही. ‘इथे एक ग्रॅम जास्त आहे, ये, आपण काढू’ एवढेच म्हणेल.

आपला,
तपासणीच्या टेबलावर बसणारा एक वाचक